दाराचा टेकू

व्हॉल्व्हचा आवाज बदललाय हे विनयाला स्क्रीनच्या आधी कानांनी सांगितलं. सकाळचे साडेअकरा वाजले होते. तिथले तंत्रज्ञ गोपीनाथकाका चार टनांच्या प्लॅटफॉर्मखाली उताणे पडून सेन्सर जुळवत होते.

लखनऊच्या सरोजिनी नगरमधल्या त्या प्रयोगशाळेत गाड्यांच्या सीट हादरवून तपासायचे. प्लॅटफॉर्म एका जाडजूड हायड्रॉलिक सिलिंडरवर तोललेला. पूर्वी त्याला एकच मोठा व्हॉल्व्ह होता, नळासारखा कमीजास्त उघडणारा. विनयाने तो काढून बारा छोटे बसवले. यांना मधलं काही ठाऊकच नाही, एक तर पूर्ण उघडे नाहीतर पूर्ण बंद, पण सेकंदाला शंभर वेळा! काही सिलिंडरमध्ये तेल भरणारे, काही सोडणारे. कंप्युटर त्यांना असं नाचवायचा की चाचणी नसताना प्लॅटफॉर्म केसभर हलत नसे. ताटात ज्वारी ओतावी तसा त्यांचा आवाज. मिरजेच्या या बाईचा त्या आवाजावर भारी जीव.

आज ती ज्वारी दाट पडत होती.

तिने स्क्रीन पाहिला. तेल भरणारे व्हॉल्व्ह एरवी जेमतेम पाच टक्के वेळ उघडे असत. आज सत्तर. म्हणजे सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून बसला होता, तेल बदाबदा चाललं होतं आणि बाकीचे जिवाच्या आकांताने ते भरून काढत होते. प्लॅटफॉर्म मात्र ढिम्म. जुना व्हॉल्व्ह बिघडला की प्लॅटफॉर्म हळूहळू खाली बसायचा, माणसाला बाहेर पडायला वेळ मिळायचा. हे नवं गुणी बाळ शेवटच्या क्षणापर्यंत सगळं आलबेल दाखवणार होतं. सत्तरचे शंभर झाले की संपलं.

अशा वेळी अलार्म वाजायला हवा. तो वाजणार नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी डेमोच्या वेळी उगाच किरकिर करतो म्हणून विनयानेच तो बंद केला होता आणि पाहुणे गेल्यावर विसरली होती.

आणि टेकू? खाली शिरायचं तर आधी लोखंडी टेकू लावायचा, हा काकांचा हवाई दलातला पंचवीस वर्षांचा नेम. तोही हिनेच मोडला. चार महिन्यांत हा प्लॅटफॉर्म आपोआप तसूभर खाली आला नाही काका, कशाला रोज एवढं धूड ओढता, कंबरेचा तरी विचार करा, असं अगदी मायेने म्हणाली होती. तेव्हापासून तो टेकू प्रयोगशाळेच्या दाराला लावलेला असे, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. बघा, माणसाचं शहाणपण कुठे जाऊन बसतं ते.

पलीकडे पॅनेलपाशी तिच्या हाताखाली शिकणारी उत्कर्षा होती. फौजी बापाची मुलगी, लखनऊमध्येच वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. आवाज तिलाही खटकला.

"दीदी, कुछ गड़बड़ है. बंद कर दूँ?" म्हणत तिने लाल बटणावर तळवा ठेवलासुद्धा.

तिचं तरी काय चुकलं? वेगळं काही वाटलं की आधी लाल बटण, हे विनयानेच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण बटण दाबलं की पंप थांबणार, अकरा व्हॉल्व्ह बंद होणार आणि बारावा, तो अडकलेला, उघडाच राहणार. मग चार टन सरळ काकांच्या छातीवर.

"हात काढ." विनयाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "बटण दाबलंस तर काका मरतील."

उत्कर्षाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. काकांना हाक मारून उपयोग नव्हता, कानांवर आवाज अडवणारे जाड मफ होते. पाय धरून ओढावं, तर आतल्या पाइपांमधून अंग वळवत बाहेर यायलाच त्यांना दोन मिनिटं लागत. स्क्रीनवर चौऱ्याऐंशी झाले होते.

विनया दाराकडे धावली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला तसंच बाहेर पळत सुटावंसं वाटलं. एरवी दोघांनी उचलायचा टेकू तिने एकटीने उचलला. मागे दार धाडकन आपटलं. टेकू उभा करायचा तर डोकं आणि खांदे प्लॅटफॉर्मखाली घालणं भाग होतं. तिने घातले. समोर काकांच्या बुटांचे तळवे दिसत होते. देवा, देवा, एवढंच तोंडात येत होतं. उत्कर्षा मोठमोठ्याने आकडे सांगत होती, आणि भीतीने म्हणा की कशाने, चक्क मराठीत.

"ताई, शहाण्णव झाले. बाहेर या."

टेकू उभा राहिला. विनयाने डोकं मागे घेतलं आणि प्लॅटफॉर्म चार बोटं खाली येऊन धाडदिशी टेकूवर बसला. फरशी हादरली. टेकू टिकला.

"आता दाब," विनया म्हणाली आणि तिथेच मटकन खाली बसली.

पंप थांबला. काका सरपटत बाहेर आले, कानांवरचे मफ काढले आणि टेकूकडे बघत राहिले. मग टेकू नसता तर नाक आणि लोखंड यांच्यात किती अंतर उरलं असतं, ते हवेतच बोटांनी मोजू लागले. निम्म्यावरच थांबले.

"तू म्हणालीस गरज नाही, म्हणून मी नव्हता लावला गं," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. असता तर विनयाला सोपं गेलं असतं.

"काका, अलार्मही मीच बंद केला होता."

काकांनी फडकं उचललं. त्याने हात पुसत राहिले. तेवढ्यात दार पुन्हा आपटलं. तिघंही दचकली. त्याला लावायला काहीतरी शोधावं म्हणून विनया उठू लागली, तशी काकांनी तिच्या मनगटाला धरून तिला खाली बसवलं.

"आपटू दे," ते म्हणाले. "दार आपटून कुणी मरत नाही."