स्वखुशीचा राजीनामा

मुंबईच्या कौन्सिलात बजेट पास झालं आणि हुबळीच्या एका सरकारी कचेरीतली अक्कल आधी कमी झाली, माणसं नंतर. कचेरीचं नाव विचारू नका. त्या साली सगळ्या सारख्याच होत्या. तिजोरीत खडखडाट, म्हणून पगाराला कात्री लागली, प्रवासभत्ता आटला, रजा आखडल्या. कागद वाचवा असा हुकूम आला, तो तीन प्रतींत. शिरस्तेदार मुकुंदरावांनी शाईत पाणी घालायला लावलं, आणि ते फिकं अक्षर साहेबाला लागेना म्हणून प्रत्येक टिपण दोनदा लिहून घेतलं. याला म्हणे काटकसर!

मग खरा हुकूम आला. एक कारकून कमी करा. नियम साधा होता: सगळ्यांत शेवटी लागलेला आधी घरी जाणार. पण सगळ्यांत शेवटी लागला होता मधुकर, आणि मधुकर म्हणजे मुकुंदरावांचा जावई. झालं! नियमाला फाटा कसा द्यायचा याचा घोर सासऱ्याला लागला. कुणी आपण होऊन राजीनामा दिला तर माणूस आयताच कमी होणार आणि जावईबापूंची खुर्ची शाबूत राहणार. असा भोळा कोण सापडतो म्हणून त्यांनी कचेरीभर नजर फिरवली आणि ती पद्मनाभवर येऊन थांबली.

पद्मनाभ हा कचेरीतला जुना कारकून, वत्सला त्याची बायको. हा वीस-बावीस वर्षं मान खाली घालून लिहिणारा, कुणी पाय तुडवला तर आपणच माफी मागणारा. एका रविवारी मुकुंदराव पत्नी वेणूबाईंसह त्याच्या जुन्या हुबळीतल्या घरी आले, आणि येताना धारवाडचे पेढे घेऊन आले. पेढे बघितल्याबरोबर वत्सलेच्या कपाळावर आठी पडली. हा माणूस दिवाळीतसुद्धा कुणाच्या हातावर बत्तासा ठेवत नसे.

"पद्मनाभराव," मुकुंदराव गादीवर टेकून म्हणाले, "कचेरीत माणसं पुष्कळ आहेत हो, पण त्यागी माणूस एकच. उद्या एखाद्या तरुणाचा संसार बुडणार. तो वाचवायचं मोठं मन तुमच्याखेरीज कुणाकडं आहे?"

"छे, छे, माझं कसलं मोठं मन," पद्मनाभ म्हणाला. पण तो लाजला, नव्या नवरीसारखा लाजला, हे वत्सलेनं दारामागून बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं.

पाहुणे गेले तशी ती बाहेर आली. "तरुण म्हणजे कोण, ते विचारलंत का?"

"मधुकर असेल. कुणीही असो. संसार तो संसार."

"आणि आपला काय भातुकलीचा आहे? अहो, जागा कमी झाली म्हणून सरकारनं काढलं तर पेन्शन देतात. राजीनामा दिला तर मागची सगळी नोकरी मातीत! एक पैसा मिळत नाही. माझ्या अप्पांची हयात सरकारी नोकरीत गेली. आमच्याकडं हे नियम भाकरीबरोबर वाढायचे."

"मुकुंदराव म्हणाले, साहेबांना सांगून काहीतरी करवतील."

"काहीतरी! त्या काहीतरीची आमटी करून वाढू का तुम्हाला?"

पद्मनाभ पाटावर बसून पेढा खात होता, आणि त्याच्या तोंडावर असं समाधान होतं की वत्सलेला तो पेढा त्याच्या हातातून हिसकून घ्यावासा वाटला. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मूल नाही, बाळ नाही, म्हातारपणी आधार काय तो त्या पेन्शनीचा. आणि हा गृहस्थ ती गोड बोलण्याच्या मोबदल्यात देऊन टाकायला निघाला होता.

मुकुंदराव मात्र वस्ताद. त्यांना ठाऊक होतं की असा माणूस एकान्तात डगमगतो, चारचौघांत नाही. त्यांनी राजीनामा हातात पडायच्या आधीच स्वतःच्या घरी पानसुपारी ठेवली. दुर्गदबैलाच्या बाजारातून हार आणवला, अत्तरदाणी-गुलाबदाणी बाहेर काढली, सगळ्या कारकुनांना सपत्नीक बोलावलं. एकदा हार गळ्यात पडला की पद्मनाभची नाही म्हणायची काय बिशाद!

त्या संध्याकाळी पुरुष ओसरीवर आणि बायका माजघरात अशी बैठक बसली. वेणूबाईंनी वत्सलेची खणानारळानं ओटी भरली. "भाग्यवान आहात हो, असा नवरा मिळायला," त्या म्हणाल्या. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीचाही नवरा जाणार नव्हता, तेव्हा माना डोलवायला काय जातं! वत्सलेनं ओटीतला नारळ मुकाट्यानं बाजूला ठेवला आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली.

बाहेर भाषणं चालली होती. जो तो उठून पद्मनाभला वर चढवत होता. एकानं त्याला कर्ण म्हटलं, दुसऱ्यानं दधीची. दधीचीची तर हाडं काढून नेली होती, पण तेवढा विचार कोण करतो. मधुकर कोपऱ्यात नव्या टोपीत बसला होता आणि मन लावून विडा चघळत होता. शरमेचा लवलेश नाही! मग मुकुंदरावांनी हार घातला, टाळ्या पडल्या, आणि लिहून तयार असलेला राजीनामा पद्मनाभच्या पुढ्यात आला. 'मी स्वखुशीने' अशी त्याची सुरुवात मुकुंदरावांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.

पद्मनाभनं टाक उचलला. हारात बुडालेलं त्याचं तोंड नुसतं फुललं होतं.

"साकु!"

वत्सलेला राग अनावर झाला की तोंडातून कन्नड यायचं. ती उंबरा ओलांडून सरळ पुरुषांच्या बैठकीत येऊन उभी राहिली. सगळे बघतच राहिले.

"पुरे झालं! मुकुंदराव, मी अडाणी बाई, एवढंच विचारते. त्याग इतका थोर आहे, तर मग तो जावयाकडून का करवून घेत नाही? हार आणलेलाच आहे, त्याला घाला. तो कर्ण होऊ दे."

"वहिनी, हे कचेरीचं काम आहे, बायकांनी यात—"

"कचेरीचं काम तुमच्या ओसरीवर कसं आलं? साहेबांना माहीत आहे का, नियमानं कोण जायचं आहे आणि इथं कुणाला घालवताय? नसेल माहीत तर उद्या बंगल्यावर जाऊन मी सांगते. कन्नडात सांगते, मराठीत सांगते. इंग्रजी येत नाही, पण साहेबापुढं रडता येतं."

मुकुंदरावांचा चेहरा खर्रकन उतरला. बजेटच्या दिवसांत साहेबापुढं तक्रार म्हणजे जावयाबरोबर सासऱ्याचीही गच्छंती. त्यांनी घाईनं कागद मागं ओढला. "अहो, बळजबरी थोडीच आहे," ते पुटपुटले. मघाशी टाळ्या वाजवणारे शूर पुरुष एकदम आपापल्या पानाला चुना लावू लागले. वत्सलेला त्यांच्यातल्या एकेकाची किळस आली.

ती दोघं घरी निघाली. पद्मनाभ पुढं चालला होता, गळ्यात हार तसाच. रस्त्यातले लोक वळून बघत होते. वत्सलेनं त्याच्यासाठी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणणार, तू माझी अब्रू घालवलीस; मग ती म्हणणार, अब्रू घालवली, पण पेन्शन राखली; मग तो म्हणणार, लोक काय म्हणतील; मग ती लोकांचा असा उद्धार करणार की बस्स.

घराच्या बोळाशी तो थांबला. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "लबाड आहेत ते, मला कळत होतं. एवढा खुळा नाही मी."

"कळत होतं? मग सही करायला का निघालात?"

"मला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, वत्सला. कचेरीत नाही, घरीही नाही."

वत्सलेला मुकुंदरावांचा संताप आला, त्या टाळ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, कारण एवढ्या वर्षांच्या संसारात ते शब्द आपण कधी उच्चारले होते का, हे तिला काही केल्या आठवेना.

"चांगले आहात," ती चिडूनच म्हणाली. दुसरा सूर तिला सापडला नाही. "खुळेच आहात, पण चांगले आहात. ऐकलंत? आता घरात चला."




तो हलला नाही. "पुन्हा म्हण," म्हणाला.