बंद पडलेला फ्रिज आणि योगिताची फुलं

मित्रांनो, सुरतच्या भेस्तानमध्ये एका खोलीच्या कोपऱ्यात उभा असलेला मी एक जुना फ्रिज आहे. फ्रिज म्हणायचं एवढंच. चार वर्षं झाली, गार करणं मला जमत नाही. तरुणपणी मी बर्फ जमवला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना गार पाणी पाजलं, कौतुकही फार झालं. मग कॉम्प्रेसर गेला आणि सरलाबाईंनी माझ्यात पापडांचे डबे भरले. उंदरांपासून खाऊ सांभाळायचा, एवढंच काम उरलं. खरं सांगतो, त्याचाही कंटाळा आला होता.

सरलाबाई मूळच्या खानदेशातल्या. त्यांची सून योगिता घरी साड्यांवर खडे चिकटवत डोळे शिणवायची. मधे ती सुरतेतच कतारगामला एका फुलवाल्याकडे वर्षभर राबली आणि एक युक्ती शिकून आली. फुलं एक वायू सोडतात, पिकलेली फळं तर फारच सोडतात, आणि त्यानंच फुलं लवकर म्हातारी होतात. एक भुकटी पाण्यात टाकून फुलांसोबत कोंडून ठेवली, की तिचा वायू फुलात आधीच जागा धरून बसतो. मग त्या म्हातारं करणाऱ्या वायूची डाळ शिजत नाही. त्यासाठी घट्ट लागणारं दार हवं. ते माझ्याकडे होतं. पापड बाहेर गेले आणि मला पुन्हा काम लागलं.

जवळच्या एका दवाखान्यानं योगिताला सांगितलं होतं, फुलदाणीतली फुलं आठवडाभर टिकली तर दर सोमवारी तूच आण. तिचं खडे चिकटवणं सुटणार की नाही, ते त्या पहिल्या फुलांवर होतं.

शनिवारी दुपारी तिनं कार्नेशनची फुलं आणून माझ्यात ठेवली. भुकटी दुसऱ्या दिवशी मिळायची होती. त्याच संध्याकाळी सरलाबाईंचे भाऊ काशिनाथ रावेरहून पिकलेल्या केळ्यांची फणी घेऊन आले. सरलाबाईंनी सवयीनं ती माझ्या खालच्या भाजीच्या खणात सरकवली. फळं आणि फुलं एकत्र नकोत, असं सुनेनं बजावलं होतं. पण जन्मभर देवापुढं दोन्ही एकाच ताटात ठेवणाऱ्या बाईला ते कसं पटावं? मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

रविवारी सकाळी योगितानं भुकटी ठेवली, तोवर उशीर झाला होता. संध्याकाळी दार उघडलं तर पाकळ्या आत वळून मिटलेल्या. आपलंच माप चुकलं असं तिनं धरलं, दवाखान्याला जमणार नाही म्हणून कळवलं आणि खड्यांचं गाठोडं पुढ्यात ओढलं. सरलाबाईंनी भाजीचा खण उघडून केळी पाहिली, आणि सुनेनं बजावलेलं त्यांना आठवलं. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं.

“तुनी चूक नही, पोरी,” त्या म्हणाल्या, “मनी शे.” आणि आपली चूक कबूल करत केळ्यांसकट तो खण त्यांनी सुनेपुढं ठेवला.

सोमवारी सरलाबाई स्वतः दवाखान्यात गेल्या, झालं ते सांगितलं आणि आणखी एक संधी मागून आणली. त्या खेपेची फुलं नऊ दिवस टिकली आणि दर सोमवारचं काम योगिताला मिळालं.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. दाराचं रबर सैल झालंय. सरलाबाई त्यात चिंध्या कोंबून भागवतात. मला नवा रंग नको, कॉम्प्रेसरही नको. कुणीतरी तेवढं रबर बदलून द्या. एका सासूनं मान खाली घालून सुनेचं काम राखलं आहे, ते माझ्या फटीतून निसटून जाऊ नये.