चि. सुमितचा डबा

सुरतेजवळच्या भेस्तानच्या शैलजाबाईंना कुणी वेंधळी म्हटलं असतं, तर त्याचं काही खरं नव्हतं. घर कसं, लख्ख! दिवाळीची साफसफाई निघाली की अडगळीला माफी नाही. परवा दारात भांडीवाली आली, "जुना मोबाइल द्या, भांडं घ्या." बाईंनी लेकाचा, सुमितचा, कपाटात पडलेला जुना फोन देऊन स्टीलचा डबा घेतला. घासाघीस करून वर एक गाळणीही उपटली. सिमकार्ड मात्र आधी काढून कात्रीने कापलं. टीव्हीवर रोज सांगतात ना, नंबर भलत्याच्या हाती लागला की घात! लगोलग बाजारात जाऊन डब्यावर नाव घालून आणलं, चि. सुमित. पोलंडला लाडू धाडायचे होते.

पोरगा वर्षभर तिकडच्याच नंबरवरून बोलतोय, म्हणजे इथला नंबर आता कशाला लागतो, असं त्या धरून चालल्या. "आई, हा फोन चालू ठेव हं," असं तो जाताना बजावून गेला होता, ते पार विसरल्या.

आज दुपारी सुमितचा फोन आला.

"आई, परमिट वाढवायचा अर्ज आजच भरायचाय, शेवटचा दिवस. नाहीतर नोकरी गेली, परत यावं लागेल. अर्जाचं ऑनलाइन खातं मी सुरतच्या नंबरवर उघडलंय. जुन्या फोनवर कोड आला असेल, सांग बरं."

बाईंची नजर नव्या डब्याकडे गेली. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. "अरे, बॅटरी उतरलीय. चार्जिंगला लावते."

पायात चपला सरकवून त्या नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे धावल्या. तो मान हलवत म्हणाला, "मासी, जेना नामे नंबर, एणे जाते आववुं पडे." ज्याच्या नावाचं सिम, त्यानेच यायचं. आणि तो बसलाय पोलंडात! भांडीवालीला तरी कुठे शोधणार? आणि सापडून उपयोग काय, कार्डाचे तुकडे तर कचऱ्याच्या गाडीत गेले.

"आला का गं?" सुमितने पुन्हा फोन करून विचारलं.

"नाही रे. पुन्हा पाठव."

त्याने पुन्हा पाठवला, परत पाठवला. अगं सांग, सांगून मोकळी हो, असं मन ओरडत होतं, पण जीभ काही रेटेना. देवा, कसाही येऊ दे, म्हणत त्या लेकाला थोपवत राहिल्या. येणार कुठून, कपाळ!

रात्री नऊच्या पुढे पुन्हा फोन वाजला. सुमितचा आवाज पार बसला होता.

"राहू दे, आई. खातंच लॉक झालं. कोड येणार नाही हे आधी कळलं असतं, तर सकाळीच कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिलो असतो. आता तीही बंद झाली."

बाईंना हुंदका आवरेना.

"रडू नकोस गं. तुझा काय दोष? नेटवर्कच तसलं."

निदान आता तरी सांगायचं होतं. पण ओठावर आलं ते एवढंच, "सुमित, लाडू धाडू का रे?"

"कशाला? आता तिथेच येऊन खाईन की."

फोन बंद झाला. बाईंनी डबा उचलला आणि नाव भिंतीकडे फिरवून फळीवर ठेवून दिला.