गावाच्या नावाची जागा

धुरपताचा सूर दुसऱ्या कडव्याला लागला आणि टेबलामागून टेकचंद सरांनी हात वर केला.

"थांबा, बाई. हे गाणं कोणाचं?"

"माहं."

"म्हणजे तुम्ही रचलेलं?"

"हो जी. गाव पाण्यात गेलं तवा."

भंडाऱ्याच्या सभागृहात लोकगीतांची स्पर्धा होती. परीक्षक टेकचंद सर माणूस चांगला. त्यांनी चष्मा काढला, आवाज खाली आणला.

"गाणं छानच आहे. पण लोकगीताला धनी नसतो. तुम्ही एखादं जुनं म्हणा ना."

मंचाच्या कडेला उभी असलेली तिची मुलगी रुचिता कुजबुजली, "आई, आजीचं हाये म्हण ना."

"आजीच्या टायमाले गाव कुठं बुडलं होतं?"

जुनं ती म्हणाली नाही. तिचं गाव, करंजटोला, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. नव्या वसाहतीच्या पाटीवर नुसता क्रमांक होता. गावाचं नाव उरलं होतं ते या गाण्यात, दर कडव्याच्या शेवटच्या ओळीत. नमस्कार करून ती खाली उतरली. बाहेर पायऱ्यांवर मात्र गावोगावच्या बायकांनी तिला बसवून घेतलं आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

दोन वर्षांनी, रोवण्याच्या दिवसांत, ती भाचीच्या, मोनिकाच्या गावी निघाली होती. एसटी फाट्यावर सोडून गेली. शेताच्या बांधावरून चालताना तिला आपलीच चाल ऐकू आली. चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायका गात होत्या:

पाणी आलं पायरीले, बाई, पाणी आलं चुलीले,
सावरीटोल्याची वाट आता पुसू मी कोनाले?

धुरपतानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग परत सारखा केला.

"सावरीटोला कुठं आला, बाई?"

"आमचं गाव." रांगेतल्या ललिताबाईनं कंबर सरळ केली. "धरणात गेलं. आता त्या टेकाडावर राह्यतो आमी."

"अन् गाणं?"

"गाणं जुनंच हाये. माही सासू म्हणे."

ललिताबाईच्या कपाळावर चिखल वाळला होता. ती खोटं बोलत नव्हती. भंडाऱ्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायकांत तिची सासूही असावी.

"तुमाले येते काय?" ललिताबाईनं विचारलं.

"येते."

"मंग पुढचं सांगा ना. आमाले दोनच कडवे येतेत."

धुरपतानं पिशवी बांधावर ठेवली, चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरली. कोणीतरी रोपांची पेंडी तिच्या हातात दिली. तिसरं कडवं तिनं सावकाश उचललं:

दिवा लावू दाराले, बाई, दार नाही घराले...

गावाच्या नावापाशी येऊन ती थांबली. बायका थांबल्या नाहीत. त्यांनी आपल्या गावाचं नाव घातलं. उरलेली ओळ धुरपतानं त्यांच्याबरोबर पुरी केली, हातातलं रोप चिखलात रोवलं आणि रोवणाऱ्या रांगेसोबत एक पाऊल मागे सरली.