लांबलेलं गाऱ्हाणं

रॉकेट आज उडालं तर गुरुदास सरांना प्राचार्यांची खुर्ची आणि समीक्षाला प्रकल्पाचे पूर्ण गुण. एवढा हिशेब मनात जुळवूनच सरांनी यंत्राच्या काचेवर टिचकी मारली. हवेतली वीज दाखवणारा काटा लाल पट्टीतून हलला नाही.

"एक थेंब पडला नाही, वीज कुठची?"

"सर, ती पावसासाठी थांबत नाही," समीक्षा म्हणाली. "धुराची रेघ वर गेली की ढगाला आपणच शिडी लावून दिली. आणि खांबापाशी वायर जोडायला माझ्या वर्गातला समर्थ जाणार."

"पाहुणे साडेचारला निघतायत. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, की समर्थ जाईल." सरांनी चेहऱ्यावर हसू चढवलं आणि ते पाहुण्यांकडे वळले.

मसुऱ्याच्या उघड्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, रॉकेटच्या त्या लोखंडी खांबाहून उंच काही नव्हतं. मांडव दोनशे पावलं अलीकडे. समीक्षा देवांना गाऱ्हाणं घालायला नारळ घेऊन उभ्या असलेल्या बाबलीआजाकडे गेली.

"आजा, माजा कोण आयकना नाय. समर्थ आता थंय गेलो तर..."

म्हाताऱ्याने घाटाकडून चढणारं काळं पाहिलं.

"अर्धो तास पुरो?"

तिने मान हलवली. आजाने गाऱ्हाणं सुरू केलं. गावदेव झाला, सीमेवरचा झाला, वाडीवाडीचे झाले. समर्थ चपला काढून हात जोडून उभा. गाऱ्हाण्यातून पाठ कोण फिरवणार?

"व्हय म्हाराजा!" मांडव म्हणाला.

"चुकलंय म्हाराजा! पयल्यापासून घेतंय."

कोणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

"बाबलीनू, आटपा!" सर दातांतून म्हणाले.

आजा तिसऱ्यांदा चुकला, तेव्हा सडा पांढरा झाला. आवाज छातीत बसला. डोळे उघडले तेव्हा खांब काळा पडला होता आणि त्याच्या पायथ्याची वायर जळत होती. आजाच्या हातातला नारळ तसाच होता.

दिवाळीनंतर सर प्राचार्य झाले. उड्डाण लांबलं ते त्यांच्या दूरदृष्टीमुळे, असं अहवालात होतं. उड्डाण नाही म्हणून समीक्षाला अर्धे गुण. समर्थ नवा खांब रंगवत होता. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा जत्रेच्या गाऱ्हाण्याला बाबलीआजाला बोलावणं आलं नाही. म्हाताऱ्याक आता शब्द आठवनत नाय, असं गावात ठरलं होतं.

"मी सांगतंय सगळ्यांक," समीक्षा उठली.

"बस गो." आजाने सुपारी कातरली. "देवासमोर मुद्दाम चुकलंय. ताचा काय तरी भरूक व्हयाच."