हिवराजचे दोन हप्ते

"भाऊजी, अजून एकदा वाचा," चंद्रकलावहिनी म्हणाल्या.

मी तिसऱ्यांदा नोटीस वाचली. हिवराज गोमा बांते मयत असूनही कोरोनाकाळातील शेतकरी साहाय्याचे दोन हप्ते त्यांच्या खात्यात जमा झाले. वारसाने ते परत करावेत आणि मृत्यूचा जबाब सही करून द्यावा.

मी गावचा कोतवाल. मोहाडीच्या तहसिलीतून कागद निघाला की ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा आणि पोच घ्यायची, एवढंच माझं काम. बावीस वर्षांत जप्तीचे कागदही वाटले, शिव्याही खाल्ल्या. पण या दारात सायकल लावताना जिवावर आलं होतं. हिवराज माझा मित्र, आणि वहिनींच्या कपाळावर अजून कुंकू होतं.

"मयत कोनं म्हटलं?" त्यांनी विचारलं.

"नागपूरच्या दवाखान्याचा दाखला आहे जी."

"अन् पैसे कोनं पाठवले? त्याईच्या मोबाईलवर मेसेज येऊन राहिले. मी त म्हनो, सरकारले ठावं आहे. मेल्या मानसाले सरकार पैसे कायले देईन?"

सारं गाव त्यांना खुळ्यात काढायचं. तेरवी केली नाही म्हणून भावकी रुसली होती. मीही एकदा पारावर हसलो होतो. आता लाज वाटली.

"नागपूरले तुमीच गेलते. तोंड पाह्यलं का?"

हा प्रश्न मी आठ महिने चुकवत आलो होतो. गावातून मी एकटाच गेलो होतो. घाटावर दोरीच्या अलीकडे उभं केलं, पलीकडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह. गावात येऊन मात्र छातीठोक सांगितलं, शेवटचं पाहून आलो म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "तोंड नाही पाह्यलं. पट्टीवर नाव होतं."

"नाव त इथंबी आहे." त्यांनी नोटिशीवर बोट ठेवलं.

मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "आदल्या राती नर्सबाईच्या फोनवरून तो माझ्याशी बोलला, वहिनी. म्हणे, मी काही वापस येत नाही, पन तिले नोको सांगू. सकाळी त्याच नंबरवरून बाईनं कळवलं. तिच्या हातानं पानी पेला अन् गेला."

वहिनींनी नोटिशीवरचं बोट उचललं.

"पानी भेटलं म्हनता."

"हो."

त्या आत जाऊन पासबुक घेऊन आल्या. दोन्ही हप्ते तसेच पडून होते. "त्याईचे होते. ते आल्यावर काढले असते," त्या म्हणाल्या. 'मयताची पत्नी' असं छापलं होतं तिथे त्यांनी सावकाश सही केली. मी कागदाची घडी घालून उठलो.

"बसा जी. तेरवी राह्यली आहे त्याईची. जेवून जा."

ड्युटीवर असताना मी कुणाकडे जेवत नाही. त्या दिवशी बसलो. वहिनींनी भाताचा घास कुडाच्या भिंतीवर कावळ्यासाठी ठेवला आणि माझ्यापुढे ताट मांडलं. भात आणि लाखोरीचं वरण. वरणात मीठ घालायचंच राहून गेलं होतं. मी आणखी वाढून घेतलं.