लायटरचा दगड

टिक्. खट्. टिक्. खट्.

सकाळचा चहा झाला की ओट्यावरून हा आवाज सुरू व्हायचा आणि आत भाकरी थापणाऱ्या सरूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ओट्यावर त्यांचे मालक, हौसराव. साठी ओलांडलेली, सोसायटीचं चेअरमनपद भोगून झालेलं, तळेगावात चार माणसं आबा म्हणून रामराम घालतात. आणि हा बाप्या एका स्टीलच्या लायटरचं झाकण उघडतोय, मिटतोय, पुन्हा उघडतोय. सरूबाई पीठ परातीत आपटून ओरडायच्या, "आवो, त्या झाकणाचा जीव जाईल एक दिवस!"

"नुसतं झाकण हाय गं," बाहेरून उत्तर यायचं. "चाकाला बोट लावत न्हाई मी."

आता सिगारेट ओढणाऱ्याकडं लायटर असायचंच, त्यात बोंब मारण्यासारखं काय? पण हौसरावांनी सिगारेट सोडली होती. गेल्या वर्षी चाळीत कांदा भरता भरता ते छाती धरून खाली बसले. अंगातली बंडी घामानं पिळून काढावी अशी झाली. जीपमध्ये घालून शिरूर, तिथून पुणं, आणि काळजात दोन स्प्रिंगा. सरूबाई दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या चपला पिशवीत घालून बसल्या होत्या, आणि त्या चपला आता कुणाला घालायच्या, एवढा एकच इचार त्यांच्या डोक्यात फिरत होता. डॉक्टरनं घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, "आबा, आता एक जरी ओढलीत तर पुढचं माझ्या हातात नाही." तिथंच खाटेवर हौसरावांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली.

सिगारेट गेली. लायटर काही गेलं नाही.

"जावयानं दिल्यालं हाय," हौसराव म्हणायचे. जावई इंद्रजीत सणसवाडीच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. कंपनीनं त्याला जर्मनीला धाडलं तेव्हा येताना त्यानं सासूला चॉकलेटचा डबा आणला आणि धुरांड्यासारखा धूर सोडणाऱ्या सासऱ्याला हे लायटर. काय म्हणावं त्या पोराच्या अकलेला! सरूबाईंनी लेकीला, राजनंदिनीला, फोनवर चांगलं फैलावर घेतलं होतं. पण जावयाची वस्तू पडली. टाकता येईना, फोडता येईना.

बरं, नुसतं बाळगलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्याची बडदास्त ठेवावी लागे! आठवड्यातून एकदा हौसराव ओट्यावर पेपर पसरत. लायटरचा आतला भाग ओढून काढत. बुडाची जाड कापडाची पट्टी उचलून आतल्या कापसात डबीतून पेट्रोल सोडत. कापूस काळा पडला की नवा भरायचा, आणि तो कुठला? तर सरूबाईंनी देवाच्या वातींसाठी पिंजून ठेवलेला! वात ओढायला त्यांचीच शिवणाची सुई. पुसायला त्यांचंच जुनं मऊ लुगडं. एकदा तर पेट्रोल जास्त झालं, बंडीच्या खिशातून झिरपलं आणि छातीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला. काळजातली स्प्रिंग बिघडली म्हणून हा माणूस रडकुंडीला आला. गावच्या डॉक्टरनं वास घेतला आणि हसू दाबत मलम दिलं. सरूबाईंना मात्र हसायला आलं नाही. घरापासून दवाखान्यापर्यंत त्यांचा जीव मुठीत होता.

पण त्यांच्या डोक्यात खरा किडा शिरला तो पेट्रोलच्या डबीमुळं. सिगारेट बंद, चाकाला बोट लावत नाही म्हणतात, मग डबी संपतेच कशी?

"उडतं ते," हौसराव म्हणाले.

"उडतं? पाखरू हाय का पंख फुटायला?"

"अगं, आपसूक उडतं. वापरा न्हाई तर नका वापरू. त्या लालमहंमदला इचार जा."

लालमहंमदचं बाजारपेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान. हौसरावांचा शाळेपासूनचा दोस्त. पेट्रोलची डबी, वात, ठिणगी पाडणारा लायटरचा दगड, सगळं त्याच्याकडूनच यायचं. सरूबाई बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन थेट त्याच्या काउंटरपुढं उभ्या राहिल्या. "लालभाई, खरं सांगा. लायटरमधलं पेट्रोल आपसूक उडतं का?"

लालमहंमदनं डोळ्याचं भिंग काढलं. "उडतं, वहिनी. अगदी देवाशप्पथ उडतं."

दोस्ताची साक्ष ती काय धरायची? सरूबाईंनी घरी येऊन लायटर मागून घेतलं, स्वतःच्या डोळ्यांदेखत गच्च भरून घेतलं, आणि साड्यांच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. किल्ली कमरेला. हौसराव म्हणाले, "ठेव, ठेव. होऊ दे परीक्षा." आणि निवांत पान लावत बसले.

दोन बाजार गेल्यावर कुलूप उघडलं. आधी पेट्रोलचा भपकारा आला; लेकीच्या लग्नातल्या पैठणीसकट सगळ्या साड्यांना वास. सरूबाईंनी लायटर काढलं आणि अंगठ्यानं चाक फिरवलं. ठिणगी उडाली, चांगली चरचरीत. पुन्हा फिरवलं. पुन्हा ठिणगी. पण वात काही पेटेना. आतला कापूस हुंगला, दाबला. ठणठणीत कोरडा.

म्हणजे खरंच उडत होतं की!

सरूबाई कपाटापुढंच मटकन बसल्या. किती दिवसांचं ओझं छातीवरून उतरलं. बिचाऱ्या माणसानं शपथ पाळली होती आणि आपण त्याच्या खिशाचे वास घेत फिरत होतो! त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि दुपारी पुरणाचा घाट घातला. हौसरावांनी ताटावर बसून तोंड असं केलं, जसा काही जन्मभर छळ सोसलेला संत. "ऱ्हाऊ दे, सरू. संशय माणसालाच येतो. मी न्हाई मनाला लावून घेत." आणि दुसरी पोळी मागितली.

लाजेपोटी माणूस काय करील सांगता येत नाही. सरूबाईंनी लायटरची सगळी सेवा आपल्याकडं घेतली. तुम्ही नका पेट्रोलला हात लावू, चट्टे उठत्यात, मीच भरते. आणि बाईचा हात तो; हौसरावांना जमलं नाही ते त्यांना पहिल्या झटक्यात जमलं. जन्म स्टोव्हच्या आणि समयीच्या वाती सारख्या करण्यात गेलेला. पेट्रोल किती सोडायचं, कापूस किती सैल भरायचा, हे बोटांना आपोआप कळलं. खालचा पितळी स्क्रू रुपयाच्या नाण्यानं फिरवायचा की स्प्रिंग बाहेर येते, आणि तिच्यापुढं तांदळाच्या कणीएवढा दगड सोडायचा. एक जादा दगड त्या कापडी पट्टीखाली ठेवायचा, अडीनडीला. लायटर आरशासारखं चकचकीत. "माझ्यापरीस त्याचे लाड चाललेत," हौसराव चेष्टेनं म्हणायचे, आणि सरूबाई वर हसायच्या. हसायच्या हो!

तर एके दिवशी स्क्रू काढला आणि दगड संपलेला. बरं, पट्टीखालचा घातला. थोड्या दिवसांनी पाहतात तर तोही झिजून चिमटीत येईना. असेल बाई, त्याचंही असंच असेल, म्हणून त्या बाजारच्या दिवशी दगडांची पुडी आणायला निघाल्या.

भाजीचे गाळे ओलांडून पेठेत वळताना त्यांचे पाय थबकले. कपाट आठवलं. कपाटात पेट्रोल उडालं होतं. पण ठिणगी? ठिणगी तर कशी चरचरीत होती! दगड होता तसा जागेवर होता. मागून टेम्पोवाला हॉर्न देऊन देऊन दमला, "ओ मावशी, सरका की!" पण मावशीला ऐकू कुठं येतंय? चाक फिरल्याशिवाय दगड झिजत नाही. घरातला गॅस पेटवायचं लायटर वेगळं. देवाचा दिवा त्या स्वतः काडीनं लावतात. दुसऱ्या कुणाला तर हा माणूस जावयाच्या वस्तूला हात लावू देत नाही. आणि स्वतः काय म्हणतो? चाकाला बोट लावत न्हाई!

त्या लालमहंमदच्या दुकानापुढं जाऊन उभ्या राहिल्या. पिशवी काउंटरवर आपटली.

"लालभाई. दगड उडतो का?"

लालमहंमदनं मान वर केली आणि सरूबाईंचं तोंड बघून लगेच खाली घातली. समोरच्या घड्याळात काही तरी फार महत्त्वाचं बिघडल्यासारखा तो त्यात बघत राहिला.

"म्या इचारते, दगड उडतो का?"

"वहिनी," तो पुटपुटला, "तुम्ही तवा पेट्रोलचं इचारलं हुतं."

सरूबाईंनी पुडी घेतली नाही. घरी पोचेपर्यंत पायाखालची धूळच त्यांचा राग सांगत होती. हौसराव ओट्यावरच होते. सरूबाईंनी लायटर मालकाच्या मांडीवर ठेवलं, नाणं काढलं, स्क्रू सोडला आणि रिकामी स्प्रिंग त्यांच्या तळहातावर पाडली.

"दगड कुठं गेला?"

हौसरावांनी स्प्रिंगेकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "उडाला असंल."

"बास!" सरूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारची कस्तुराबाई भिंतीवरून डोकावली आणि तशीच खाली गेली. "बास झालं! पुरण घातलं तुम्हाला! तूप वाढलं वरनं! ह्या हातानं पेट्रोल भरून दिलं, दगड घालून दिला, म्हंजी तुम्हाला वढायला सोपं जावं! माझ्या डोक्यावर हात ठिवला हुता ना? का ते डोकं बी उडालं?"

"एकच वढतो गं. जेवणानंतर. एकच."

"त्या दिवशी तुमच्या चपला मांडीवर घिऊन बसले हुते मी," सरूबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फाटला. "ह्याचा दगड संपला तर लालभाई दुसरा देतो. तुमचं काळीज बंद पडलं तर म्या कुणाच्या दुकानात जाऊ? सांगा की! भ्या वाटतं मला. रोज वाटतं. तुम्ही झोपला तरी छाती हालती का बघते मी."

हौसरावांनी मान खाली घातली. रिकामी स्प्रिंग मुठीत मिटली. मग उठले, गोठ्याच्या कोपऱ्यात फवारणीचा पंप होता त्याच्यामागं हात घातला आणि पाकीट आणून बायकोच्या हातात दिलं. अर्धं भरलेलं. त्यांचे डोळे ओले झाले होते, ते काही नाटक नव्हतं.

"टाक चुलीत," ते म्हणाले. "तुझ्या हातानं टाक. आजपासून बंद."

सरूबाईंनी न्हाणीघराच्या चुलीपुढं पाचटाचा बोळा ठेवला, त्यावर पाकीट ठेवलं. सवयीनं लायटर उघडून चाक फिरवलं. नुसतंच गुळगुळीत फिरलं. दगड कुठं होता?

"काडीपेटी द्या," त्या नाक पुसत म्हणाल्या.

पाठीमागं उभ्या असलेल्या हौसरावांचा हात आपसूक बंडीच्या आतल्या खिशात गेला आणि काडीपेटी घेऊन बाहेर आला.

दोघंही त्या काडीपेटीकडं बघत राहिले. दगड कालच संपला होता, आणि कालचं जेवण झाल्यावर तिचं काम पडलं होतं.

सरूबाईंनी कपाळावर हात मारला. काडी ओढली, पाकीट पेटवलं, आणि उरलेली काडीपेटी कमरेला, कपाटाच्या किल्लीशेजारी खोचली.